धुतलेलं सरपण

तीर्थरूप काका,

पुतण्याचा नमस्कार, आणि या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून केलाय असं समजा. गुडघा कसा आहे? ताईकडची हवा मानवली का? नातवंडं चष्म्याला हात लावत नाहीत ना? तुम्ही गेल्यापासून तुमचं घर सुनं सुनं वाटतं (काकूला वाटतं का, ते विचारलेलं नाही). इकडे आम्ही खुशाल. लॉन्ड्रीही खुशाल, आणि ती केवळ तुमच्या सूनबाईमुळे, म्हणून हा पत्रप्रपंच.

बॉयलरचं तेल परवडेना आणि बाबांनी उभी केलेली लॉन्ड्री बंद करायची वेळ आली, तेव्हा हिने दुकानदार फेकून देतात त्या खोक्यांवर बॉयलर चालवायचं जाहीर केलं होतं. तुम्ही कपाळाला हात लावलात. मीही लावला (माझा आधी लागला). पण ही ऐकणारी बाई नव्हे. बाबांच्या वेळची लाकडाची भट्टी मागे गंजत पडली होती, ती हिने खरवडून, मिस्त्रीच्या मानेवर बसून बॉयलरला जोडून घेतली. मग चपलांची खोकी, अंड्यांचे ट्रे, फ्रिजचे पुठ्ठे असं सगळं गोळा करायचं, फाडून भिजवायचं, लगदा साच्यात दाबायचा आणि गच्चीवर वाळवून त्याचे ठोकळे करायचे. चिकटपट्टी, थर्माकोल आणि चकचकीत प्लास्टिकला भट्टीत सक्त मनाई. आपले कपडे स्वच्छ करायला शेजाऱ्यांनी धूर का खायचा, असं तिचं म्हणणं. काका, खरं सांगतो, सुरुवातीला मी लोकांसमोर तिची थट्टा करायचो. हल्ली तीच माणसं दुकानात येऊन ठोकळे हातात घेऊन बघतात, तेव्हा मी असा उभा राहतो की जणू कल्पना माझीच.

घरावर मात्र या उद्योगाचा परिणाम झालाय. आता वस्तूपेक्षा तिच्या वेष्टनाचं कौतुक जास्त. परवा मी नवे बूट आणले. हिने खोकं उलटसुलट करून पाहिलं, जाडी चाचपली, फार छान आहे म्हणाली आणि बूट कोपऱ्यात ठेवून खोकं घेऊन गेली. बुटांचा रंग कुठला ते तिला अजून माहीत नाही.

तर मुद्दा असा, की मोठ्या इस्पितळाच्या चादरींचं काम आपल्याला मिळायची शक्यता निर्माण झाली. हे काम मिळालं तर लॉन्ड्री तरणार, नाहीतर शटर कायमचं खाली. त्यांच्या मेट्रनबाई स्वतः येणार होत्या. त्यांच्यादेखत चादरींचा एक घाणा धुऊन दाखवायचा आणि तोवर बॉयलरवरचा उष्णतेचा काटा उकळीच्या खुणेखाली उतरता कामा नये, अशी अट. हिने भट्टी पेटवली, मला आवार स्वच्छ करायला सांगितलं आणि ती चादरी मोजायला आत गेली.

मी आवार स्वच्छ केलं. मग मागच्या पडवीतल्या ठोकळ्यांच्या थप्पीकडे माझं लक्ष गेलं. कुठे तेलाचा डाग, कुठे शाईचा, कुठे कसला कोण जाणे. काका, आपण धुलाईवाल्यांच्या घरात जन्मलेली माणसं. डाग दिसला की आपला हात पाण्याकडे जातो, डोकं नंतर जातं. मेट्रनबाई काय म्हणतील, या विचाराने मी पाइप लावला (साबणही लावला, आता लपवून काय उपयोग). थप्पी आधी उजळल्यासारखी वाटली, मग फुगली, आणि मग बसली. ही बाहेर आली तेव्हा सगळं सरपण राखाडी चिखल होऊन मोरीकडे निघालं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. चिखलाकडे बघत एवढंच म्हणाली, "आता इस्त्रीपण करून टाका."

मी पाइप धरून तिथेच उभा राहिलो. ती नाही. भट्टीतले ठोकळे संपत आले होते, तेल तर कधीच संपलेलं, आणि मेट्रनबाईंची गाडी दारात. अशा वेळी एका ठिकाणाहून कोरड्या खणखणीत पुठ्ठ्याची सोय झाली (ठिकाणाचं पुढे बघू). सुटा पुठ्ठा भसकन जळून जातो, म्हणून हिने त्याच्या गच्च गुंडाळ्या करून सुती दोरीने आवळल्या आणि एकेक करून भट्टीत सरकवल्या. काटा खाली यायला लागला की माझे डोळे मिटत आणि तिचा हात पुढच्या गुंडाळीकडे जाई. शेवटची चादर निघेपर्यंत काटा खुणेखाली गेला नाही. मेट्रनबाईंनी चादर हातात घेऊन हुंगली, मग बाहेर जाऊन धुराड्याकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि काम आपलं झाल्याचं सांगितलं. ही पदराने काजळी पुसत नुसती हसली. मला बाबांची फार आठवण आली. अशी बायको मिळायला मी काय केलं होतं, ते मला ठाऊक नाही, थप्पी तर नक्कीच धुतली नव्हती.

ताईला नमस्कार, मुलांना पापा. गुडघ्याला शेक देत जा.

तुमच्याच धाकात वाढलेला,
पुतण्या

ता. क. तुमच्या माळ्यावर टीव्ही, पंखे, मिक्सर, शिलाई मशीन यांची खोकी तुम्ही वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्या घालून, चादरीत गुंडाळून जपली आहेत. "लागतात कधीतरी" असं तुम्ही म्हणायचात आणि आम्ही मागून हसायचो. ती लॉन्ड्रीसाठी मिळावीत, ही नम्र विनंती.

ता. क. २. मिळाली. तुमच्या टीव्हीच्या खोक्यावरच तो काटा अर्धा वेळ टिकला. त्याच्याइतका कोरडा पुठ्ठा गावात दुसरा नव्हता. काका, लॉन्ड्री जशी सूनबाईने वाचवली तशी तुम्हीही वाचवलीत, हे मी कुणासमोरही सांगेन. काकूवर रागावू नका. तिने फक्त स्टूल धरायला सांगितलं, वर ती स्वतः चढली. एकेक खोकं खाली टाकताना इतकी खूश होती, की मला थांबवायचा धीर झाला नाही.

ता. क. ३. आल्यावर काकू घरी नसली तर घाबरू नका, भट्टीपाशी असेल, ठोकळे आता तीच दाबते. ताईने तुम्हाला नवा कूलर घेऊन दिल्याचं कळलं. कूलर सावकाश आला तरी चालेल, खोकं आधी पाठवा. चिकटपट्टी काढून.