शैला घाणेकर यांच्या चेहऱ्याबाबत

मी, चंद्रहास केशव टिपणीस, वय पंचाहत्तर, जन्माने पुणेकर, पासपोर्टाने ब्रिटिश, राहणार हार्लेम, नेदरलँड्स, व्यवसायाने चित्रपट व दूरचित्रवाणी दिग्दर्शक, माझ्या पश्चात काय व्हावे हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाविना लिहून ठेवत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. ती शाबूत आहे हीच माझी अडचण आहे. या मजकुरावरून रीतसर डच दस्त नोटरी करतील. मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच की यातली माणसे मराठी आहेत.

१. हार्लेमचे घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी अश्लेषा हिला द्यावी. ती इथल्याच बेस्ट नावाच्या गावी इंजिनिअर आहे. घर विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे. तिच्या लहानपणी मी सदा चित्रीकरणावर होतो. त्याची भरपाई चार भिंतींनी होणार नाही, हे मला कळते.

२. फिल्म कापण्याचे जुने टेबल मेधाला, म्हणजे माझ्या घटस्फोटित पत्नीला, ब्रिस्टलला पोचवावे. माझे सुरुवातीचे चारही चित्रपट तिने त्यावर संकलित केले. घटस्फोटाच्या वेळी ते मी हट्टाने ठेवून घेतले आणि नंतर कधी त्यावर बसलो नाही.

३. निर्माते रॉडनी पेल यांना काहीही देऊ नये. पहिल्या यशानंतर मी त्यांच्याकडे एक साधी प्रेमकथा नेली, तेव्हा ते म्हणाले, "तू तुझ्या लोकांबद्दलच चांगलं करतोस." पुढे आमच्या लोकांबद्दलचे काही नेले, तर त्याला प्रेक्षक नाही म्हणाले. मग एकवीस वर्षे मी त्यांच्या पोलिसी मालिका केल्या. दर आठवड्याला एक प्रेत, शेवटी एक कबुली. ते अंत्यविधीला आलेच तर चहा द्यावा. भाषण करू देऊ नये.

४. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

१९८४ साली मी इंग्लंडमधल्या स्लाव गावच्या एका बिस्किट कारखान्यातल्या बायकांवर माहितीपट केला. त्यात पॅकिंगला असलेल्या शैला घाणेकर नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलल्या. त्यांची एकच अट होती, चेहरा दिसता कामा नये. मी शब्द दिला आणि त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवले. बोलता बोलता शेगडीवरचे दूध उतू गेले, त्या वळल्या, आणि उजेड सरळ तोंडावर आला. अकरा सेकंद. डोळ्याखालचा काळानिळा डाग, आणि तशातही दुधाची काळजी.

मेधा म्हणाली, "हे काढ. तू शब्द दिलायस."

मी म्हणालो, "यासाठीच तर लोक चित्रपट बघतील."

लोकांनी बघितला. त्यांच्या नवऱ्याने, घाणेकरांनीही बघितला. आठवड्याच्या आत त्यांनी सहा वर्षांच्या मुलीला, मंजूषाला, नाशिकला नेऊन भावाकडे ठेवले. आईला ती नऊ वर्षांनी दिसली. हे मला महिन्याभरात कळले होते. त्याच महिन्यात मला पारितोषिक मिळाले. भाषणात मी शैलाबाईंचे नाव न घेता आभार मानले आणि त्यालाच सभ्यपणा समजलो.

गेल्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका महोत्सवाने हा चित्रपट पुन्हा दाखवायचे ठरवले. हक्क माझ्याकडे आहेत. मी आनंदाने होकार दिला. त्यांनी जाहिरातीत तोच चेहरा छापला. मंजूषा आता आयटीतल्या नोकरीमुळे अ‍ॅमस्टरडॅमच्याच झुइडओस्ट भागात राहते, आई तिच्याकडेच असते. जाहिरात घेऊन ती माझ्या दारात आली.

"आईची सही आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"कागद इंग्रजीत होता. तिला वाचून कुणी दाखवला?"

"मी."

"चेहऱ्याबद्दल काय वाचलंत?"

मी जाहिरातीची घडी घालून तिला परत दिली. जाताना ती म्हणाली, "आईनं तो सिनेमा अजून पाहिलेला नाही. तिला बघायचाय."

पुढच्या रविवारी मी चित्रपटाची व्हिडिओ प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो. शैलाबाई आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्या अकरा सेकंदांपर्यंत त्यांनी चित्रपट पाहिला. मग म्हणाल्या, "बंद करा." थोड्या वेळाने, "जाळूबिळू नका. बाकीच्या बायका आहेत त्यात. माझं तेवढं काढा."

"ते काढलं तर चित्रपटात काही राहत नाही," मी म्हणालो. त्यांच्या समोर बसून, त्यांचाच चहा पिताना म्हणालो.

"माझ्याही घरात काही राहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी या मृत्युपत्राचा पहिला मसुदा केला. माझ्या मृत्यूनंतर मूळ निगेटिव्हचे, ते दृश्य असलेले तिसरे रीळ शैलाबाईंना द्यावे, त्यांनी त्याचे हवे ते करावे, असे लिहिले. फार मोठे मन केल्यासारखे वाटले. फोनवर मेधाला वाचून दाखवले.

"म्हणजे तू असेपर्यंत तिनं थांबायचं," ती म्हणाली. "ती एकाहत्तरची आहे, चंद्रहास."

चार दिवस मी मेधावर चिडून होतो. पाचव्या दिवशी महोत्सवाला नकार कळवला.

५. म्हणून कलम चारमधील देणे माझ्या मृत्यूवर अवलंबून नाही. तिसऱ्या रिळाचा डबा, व्हिडिओ प्रत आणि त्या दृश्याचे सर्व हक्क आजच शैलाबाईंच्या स्वाधीन केले आहेत. रीळ परत आले नाही, तर चित्रपट पुन्हा दाखवला जाणार नाही. माझ्या वारसांनी त्यांच्याकडे विचारणाही करू नये. माझ्या नावावर पोलिसी मालिका उरतील. तेवढ्यावर भागवावे.

हे सर्व वाचून, समजून खाली सही केली आहे.

चंद्रहास केशव टिपणीस
हार्लेम, १४ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार: शिरीष गोखले, शेजारी. सुचेता वर्टी, अनेक वर्षांच्या स्नेही.

पोच, शैलाबाईंच्या हातची:
डबा मिळाला. माफ केलं असं यात कुठे लिहू नये.
शैला घाणेकर