अर्ध्या कपावरची बशी

बाबा, मले भीती वाटून राहिली. तुमच्यापाशीच सांगते, कारण इथं रायपुरात ज्याले त्याले मी हसून सांगत असते, ‘आमची पोट्टी लढाऊ विमान उडवते, आजोबावर गेली!’ आज सकाळी हवाई दलानं तिले सुट्टीतून परत बोलावून घेतलं. टीव्हीवर सरहद्दीशिवाय दुसरं काही नाही. मी आपला बंद केला, तर शेजाऱ्यांचा ऐकू येतो. काय करावं सांगा!

तुम्ही गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तरी तुमची लढाई तिले पाठ आहे. लढाई पेटल्या पेटल्या, पहिल्याच दिवसांत तुम्ही शत्रूची विमानं एकामागून एक कशी पाडली, हे सदर बाजारातले सराफ अजून सांगतात, अन् दर वेळी एक विमान वाढवतात. नोकरी संपवून तुम्ही रायपुरले परतले, तेव्हा हारांमधून तुमचं तोंड दिसत नव्हतं. मी शाळकरी पोट्टी, तोऱ्यात म्हणाले, ‘आमचे बाबा कोणालेच भीत नाहीत.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तुम्ही मले स्वयंपाकघरात उभं केलं. ‘काहून खोटं बोलली? मले भीती वाटे. वाटे म्हणून मान सारखी मागं वळे, अन् पाठीवरचं विमान दिसे. ज्याची मान वळायची थांबली, तो परत नाही आला.’ मग हळूच म्हणाले, ‘पहिलं विमान पाडलं, तेव्हा त्यातल्या माणसाची हवाई छत्री उघडते काय, पाहत राहिलो. नाही उघडली.’ आईनं गॅस बंद केला.

अन् तो चहा. छावणीतल्या घरी होतो तेव्हाचा. उडायले जायच्या आधी तुम्ही अर्धा कप ठेवायचे, ‘उरलेला येऊन पितो’ म्हणायचे. आई त्यावर बशी झाकायची, कोणाले हात लावू द्यायची नाही. मले तो तुमचा चाळा वाटे. मग एका सकाळी तुमचे दोस्त आले, मले खांद्यावर बसवणारे काका. त्यांनी आपला कप रिकामा केला, ‘वहिनी, फर्स्टक्लास!’ म्हणाले, अन् तुम्ही दोघं उडायले गेले. दुपारी तुम्ही एकटेच आले. लढाई नव्हती, काही नव्हतं, रोजचा सराव होता. तुम्ही बशी काढली, साय धरलेला गार चहा उभ्यानंच प्याले. हातातली बशी कपावर वाजत होती. तो आवाज माझ्या कानातून गेला नाही, बाबा.

आज बॅग भरता भरता पोट्टीनं विचारलं, ‘आई, आजोबा को डर लगता था क्या?’ मी ‘छे!’ म्हणणारच होते, पण स्वयंपाकघरातली तुमची ती नजर आठवली. मग सांगितलं सगळं, मानेचं, छत्रीचं. चहाचं मात्र नाही सांगितलं. जाणाऱ्या लेकराच्या गळ्यात आपली खुळं काहून बांधायची? तिनं बॅगेची चेन लावली. मग म्हणाली, ‘अच्छा हुआ बताया. मुझे लगा सिर्फ़ मुझे लगता है.’

गाडीचा हॉर्न वाजला. तिनं चहा घटाघटा तळापर्यंत संपवला, अन् शहाण्यासारखा कप विसळून पालथा घातला. ‘अगं, थोडा ठेव’ माझ्या ओठांवर आलं, तिथंच राहिलं. ‘येते गं आई,’ हे मात्र ती मराठीत म्हणाली. कोपऱ्यावर गाडी वळताना तिनं मान वळवून मागं पाहिलं. तेवढ्यानं मले जरा धीर आला.

हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? खरं सांगते, तो धीर घरात येईपर्यंतही टिकला नाही. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं मी, अन् आत येऊन तिचा कप सुलटा केला, माझ्या कपातला अर्धा चहा त्यात ओतला, वर बशी ठेवली. कामवाली दीदी म्हणाली, ‘ये धो दूँ?’ तर अशी ओरडले की बिचारी दचकली. आता मुंग्या येऊन राहिल्या, म्हणून कप पाण्याच्या ताटलीत ठेवला आहे.