मशीनखालची काच

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! लॅब छोटी, पण मशीन काय झकास! गाठीतून सुईने काढलेल्या पेशी दोन काचांवर पसरायच्या, रंगवायच्या. एक काच मशीनखाली, दुसरी डबीत राखीव. परगावचे मोठे डॉक्टर तिथे बसूनच इथली काच सरकवतात आणि वाईट पेशींभोवती स्क्रीनवर लाल गोल काढतात. इथले जुने टेक्निशियन काका म्हणाले, त्यांना कुणी पाहिलेलं नाही, बोलतही नाहीत, फक्त टाइप करतात. बरंय, कटकट नाही.

९ मार्च
आज एक गोष्ट खटकली. गळ्याला गाठ असलेल्या एका मास्तरांची काच मी लावण्याआधी पाहिली होती. स्वच्छ! डॉक्टरांनी गोल काढला आणि बघते तर आत खरंच वाईट पेशी. डबीतली जोडीची काच मात्र स्वच्छच. काका म्हणाले, नवीन आहेस, नजर बसायला वेळ लागतो. असा राग आला म्हणून सांगू! पण गिळला.

१३ मार्च
इरेला पेटले. गोल पडलेल्या वीस जणांच्या डबीतल्या काचा तपासल्या. सगळ्या स्वच्छ. वीसदा चुकेन मी? आणि ते मास्तर आज परत आले. चार दिवसांत गाठ दुप्पट झालीय. हा डॉक्टर शोधत नाहीये, पेरतोय.

१६ मार्च
ताईच्या मानेत गाठ. सख्खी बहीण असताना दुसरीकडे कशाला, म्हणून इथेच आली. दोन्ही काचा मी पाहिल्या, साधी सूज आहे. पण डॉक्टरांच्या सहीशिवाय रिपोर्ट निघत नाही. काही झालं तरी ताईची काच त्याच्यासमोर जाऊ देणार नाही. काकांना सांगितलं, तर हसले.

१७ मार्च
ताईच्या काचा ड्रॉवरमध्ये लपवल्या. माझाच गाल आतून खरवडला, त्या पेशी काचेवर घेतल्या, ताईचा नंबर घालून लावल्या. काच सरकली — थांबली — गोल. मग टाइप झालं: ही धाकटी. थोरली लावा.
त्याला कुणी सांगितलं?

१८ मार्च, सकाळ
गालात आत काहीतरी टणक लागतंय. जीभ सारखी तिथेच — जाऊ दे. ताई तर वाचली. आज तिच्या काचा फोडून टाकते.

१८ मार्च, अकरा
ड्रॉवर रिकामा. ताईने काकांना फोन करून रिपोर्टची घाई केली. त्यांनी बिचाऱ्यांनी मदत म्हणून काच लावली —
प्लग उपटला. काच सरकतेच आहे. काका आता हसत नाहीत.
थांबली.
ताईचा फोन. म्हणतेय, मानेत एकदम