एका घरात दोन बाळंतिणी

आई,

काल नातीसाठी डिंकाचे लाडू वळायला बसले आणि तुझा राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण हा राग नव्हेच, हे जळणं आहे, आणि ते लहानपणापासूनचं आहे. हजीरा मोहल्ल्यातल्या आपल्या घरात मी सगळ्यांत थोरली. मी चालायला लागते न लागते तोच तुझ्या मांडीवर दुसरं आलं, मग तिसरं. मी उतरले ती उतरलेच.

आपण चांभार, दक्खनहून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेले. बाबा रियासतीच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. त्या कामात बारीक हात लागायचे, म्हणून आजीला पाळणा सतत हलता हवा. "बच्चे म्हणजे हात गं," ती म्हणायची, "आणि सगळे थोडेच जगतात?" आपल्याकडेही सगळे जगले नाहीतच. मग रियासत विलीन झाली, घोडे गेले, बाबा किला गेटपाशी जोडे शिवायला बसले. पुढे नवं राज्य झालं, राजधानीच्या कचेऱ्या भोपाळला गेल्या आणि त्यांच्याबरोबर जोडे घालणारे बाबूही गेले. हातांना काम उरलं नाही, पाळणा मात्र थांबला नाही. मी एकदा चिडून विचारलं, "किती गं पोरं?" तू चामडं भिजवत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तेवढा सव्वा महिना मला कोणी ऊठ म्हणत नाही." मला तेव्हा ते कळलं नाही. मला इतकंच दिसायचं की लाडू तुला, शेक तुला, तू बाळाला, आणि चामडं भिजवायला मी.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लग्न झाल्यापासून मी त्या सव्वा महिन्यावर डोळा ठेवून होते. आता तरी आई माझी एकटीची. दिवस भरत आले तशी मी आले, तर दारात तूच पोटुशी उभी! माझ्या आधी तू बाळंत झालीस, मागोमाग मी. आजीनं कपाळाला हात लावला. "दो-दो जच्चा एका घरात! गूळ काय आसमानातून पडणार आहे?" लाडू झाले ते एकीपुरतेच. तू सगळे माझ्याकडे सरकवलेस आणि पाचवी पुजून झाल्यावर उठून चामडं भिजवायच्या कुंडीपाशी जाऊन बसलीस. तुला ऊठ म्हणायलाही कोणी लागलं नाही.

मी लाडू खाल्ले, तरी दूध उतरेना. मुलगी रडून रडून थकली. तू हात धुऊन आलीस, माझ्या तान्ह्या भावाला बाजूला निजवलंस आणि तिला पदराखाली घेतलंस. सगळी गल्ली म्हणाली, आई असावी तर अशी. मी खाटेवरून बघत होते. तिनं मुठीत तुझा पदर धरला होता. मला माझ्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला. ती जागा माझी होती.

त्यानंतरच्या बाळंतपणात तू गेलीस.

आमच्या यांना मिलमध्ये पक्की नोकरी लागली, पोरं शाळेत गेली, म्हणून मला दोनवर थांबता आलं. तुला ती सोय कोणी दिलीच नाही. नात दर्पण कॉलनीत राहते, म्हणते, "नानी, बस, एकच." तिला सहा महिन्यांची भरपगारी रजा आहे. तिच्यावरही मी जळते, पण ते तुझ्या वतीनं.

काल लाडू वळताना मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या आईचा चेहरा मला आठवतच नाही गं." "तिचं इतकं दूध प्यालीस आणि आठवत नाही?" हे मी मनात म्हटलं. हातातला लाडू दाबला जाऊन फुटला. तिनं हात पुढे केला, "दे तो, मी खाते." तिचेही केस आता पांढरे झालेत, गुडघे दुखतात, गुणाची आहे माझी पोर.

मी दिला नाही. तिच्याकडे पाठ फिरवून स्वतःच खाल्ला.