मुळातच अशक्त

३ जून
आजपासून रोज व्यायाम. आणि प्रयोगाचा शुभारंभ. डुकरांची फुप्फुसं मिठाच्या पाण्याने धुऊन बिघडवायची, मग व्हेंटिलेटरवर. अर्ध्यांना मोठ्या सरांची जुनी पद्धत: छोटे छोटे श्वास. अर्ध्यांना माझी: छाती भरून, दमदार. मोठे सर भित्रे. हवासुद्धा मोजूनमापून देतात.

४ जून
व्यायाम राहिला. माझ्या गटातलं पहिलं डुक्कर दुपारी गेलं. फुप्फुस फुटलं. डुक्कर मुळातच अशक्त होतं. हिशोबात धरायचं नाही.

११ जून
आणखी दोन गेली. दोन्ही मुळातच अशक्त. ज्युनिअर विचारते, मेलेली सगळी वगळली तर आपण मोजतोय काय? पोरगी हुशार, पण तोंडाळ. पिंजरे धुवायला पाठवलं.
जुन्या गटातली सगळी धडधाकट. काही डुकरं मुद्दाम करतात.

२ जुलै, दुपारी
चहा ओतला आणि अजून एक गेलं. सगळा चहा गार. यांना काळवेळ म्हणून नाही.

२० जुलै
निकाल. माझ्या गटात धरण्याजोगं डुक्कर एक. ते जगलं. म्हणजे शंभर टक्के!

६ ऑगस्ट
परिषदेत भाषण. टाळ्याच टाळ्या. एक तरुण आयसीयू डॉक्टर माझा हात सोडेना. म्हणाला, आमच्याकडे यापुढे तुमचीच पद्धत. हिने घरी आल्या आल्या अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. मोठे सर मधेच उठून गेले. जळतात, दुसरं काय.

१४ सप्टेंबर
खोकला. किरकोळ. व्यायाम सोमवारपासून नक्की.

१७ सप्टेंबर, सकाळी
न्यूमोनिया. दोन्ही फुप्फुसं. आयसीयूत आहे, थोड्या वेळात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवणार. डॉक्टर तोच, परिषदेतला. हसून म्हणाला, "सर, निर्धास्त राहा. तुमचीच पद्धत लावतो."
ही म्हणाली, "दुसरी त्यांना चालणारच नाही."
तोंडावर मास्क, बोलता येत नाही. नको नको म्हणून मान जोरात हलवली. ही म्हणाली, बघा, किती उत्साह आहे.
'जुनी लावा' एवढं लिहून दाखवलं की सुटलो. पेन हातातच आहे. पण का म्हणून विचारलं तर? सगळी डुकरं धरावी लागतील. ज्युनिअर हसेल. मोठे सर तर काय, पेढे वाटतील. अख्ख्या बिल्डिंगमध्ये हिचं नाक कापलं जाईल.
नर्स पेन मागतेय.
नोंद: मी मुळातच अशक्त. मला धरू नये.