पुण्याला तू जाणार होतीस

आखन,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय कादंबरी,

तुला आणि मारलीनला दोघींनाही आठवणीने नमस्कार. एश्बॉर्नच्या ऑफिसात रुळलीस का? घर मिळालं असेल, पत्त्याची नोंदणी, ते आनमेल्डुंगही उरकलं असेल. इथे सगळं ठीक. वेद नववीत गेला. मी मराठीत ओरडते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो. टेस्ट बेंचवरची तुझी चिठ्ठी अजून तशीच आहे, ‘आधी बोल्ट तपासा, मग सॉफ्टवेअरला शिव्या घाला.’ माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, म्हणून कुणी काढलीही नाही.

तुझ्या मेलला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. कामं होती असं सांगणार होते. तसं काही नव्हतं. ‘ताई, त्या कंपनीत माझ्या बाजूने भांडलेली एकटी तूच,’ असं तू लिहिलंस. त्याखाली ‘थँक यू गं’ टाइप करायचे आणि पुसायचे. शेवटी कागद घेतला.

फेब्रुवारीत आपल्या पुण्याच्या कारखान्यातून नागेश आला होता, आठवतं? कँटीनमध्ये तुझ्या फोनवरचा फोटो बघून त्याने विचारलं, “या कोण?” तू सरळ म्हणालीस, “माझी बायको.” तो मान खाली घालून जेवत राहिला. मी मात्र टेबलाखालून तुझा हात दाबला. मला स्वतःचं किती कौतुक वाटलं म्हणून सांगू! आपल्या डायव्हर्सिटी ग्रुपची प्रमुख मी. जूनमध्ये गेटवर सप्तरंगी झेंडा लावताना इंट्रानेटवर फोटो माझाच.

त्याच दुपारी नागेश माझ्या केबिनमध्ये आला. म्हणाला, “मॅडम, पोरगी हुशार आहे, वादच नाही. पण पुण्यात टेस्ट बेंच उभारायला तिला पाठवू नका. आमच्याकडे शॉप फ्लोअरवर चर्चा होईल, उत्तरं मला द्यावी लागतील.”

मी म्हणाले, “बघते.”

एवढंच. तो माझ्या दिरांच्या सोसायटीत राहतो. मी त्याला विरोध केला तर तिकडे घरी काय पोचेल, हे माझ्या डोक्यात आधी आलं. तुझं दीड वर्षाचं काम नंतर आलं.

दुसऱ्या दिवशी आपल्या बॉसने, क्र्युगरने विचारलं, एप्रिलमध्ये पुण्याला कादंबरीच जाते आहे ना? मी म्हणाले, “तिला नकोय. घरगुती कारण आहे.” एरवी जर्मनमध्ये माझी आर्टिकल्स हमखास चुकतात. ती दोन वाक्यं अगदी बिनचूक आली.

तू कॉफी मशीनपाशी मला गाठलंस. “ताई, माझं काही चुकलं का?”

“नाही गं. वरून ठरलं. मी खूप भांडले.”

तू मला मिठी मारलीस. मी ती मारू दिली.

मग वार्षिक मूल्यमापनात तुझ्या नावापुढे ‘प्रवासाची तयारी नाही’ असं लागलं आणि टीम लीडची जागा दुसऱ्याला गेली. तुला ते वाक्य कुठून आलं ते कधी कळलं नाही. जुलैमध्ये तू राजीनामा दिलास. निरोपाचा केक कापायला सुरी तू आधी माझ्या हातात दिलीस.

गेल्या महिन्यात मला भाषण करायला सांगितलं, ‘सहकाऱ्याच्या पाठीशी कसं उभं राहावं’ यावर. स्लाइड्स तयार केल्या. घरी आत्मारामना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, “अगं, तू वाईट थोडीच बोललीस तिला? नुसती गप्प बसलीस.” गप्प बसले असते तरी बरं झालं असतं. मी तुझ्या तोंडी खोटं घातलं.

गुरुवारी क्र्युगरकडे गेले आणि जे घडलं ते सांगितलं. तो म्हणाला, “आणि मीही तिला एकदाही विचारलं नाही.” येत्या मंगळवारी बेट्रीब्सराटसमोर, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळासमोर, माझं म्हणणं घेणार आहेत. मी ते लेखी दिलं आहे, नागेशचं नाव घालून. त्यालाही तसं फोनवर कळवलं. तो म्हणाला, “मॅडम, एवढं ताणायचं कशाला?” संध्याकाळी दिरांचा फोन आला. तो फोन मी आठ महिने टाळत होते. पाच मिनिटांत संपला.

ग्रुपचं प्रमुखपद सोडलं. भाषण रद्द. तुझं मूल्यमापन दुरुस्त होऊन पोस्टाने येईल. गेलेली जागा त्याने परत येत नाही, हे मला कळतं. हे पत्र वकिलाला दाखव, बेट्रीब्सराटला पाठव, मारलीनला वाचून दाखव. तिला मराठी येत नाही, पण तू सौम्य करून सांगू नकोस.

माफी मागायचं वाक्य चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ते तुझ्याकडेच काहीतरी मागत होतं, म्हणून खोडलं.

‘उत्तराची अपेक्षा नाही’ असंही लिहिणार होते. पण तुझ्याशी आणखी एक खोटं बोलायचं नाही.

ऊर्मिला