ब्राह्मीच्या नावाची हळद

२ मार्च १९९८
आजपासून हात उचलणे बंद. कॉलेज सुटलं ते हातापायीच. प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्यांदेखत गाढव म्हटलं, मी लोखंडी स्टँड फेकून मारला. लागला नाही. नेम चुकला याचं अजून वाईट वाटतं. असो. इथून पुढं फक्त डोकं.
दुसरा संकल्प: पाडव्याच्या आत ब्राह्मीला मनातलं सांगणे.

३ मार्च
ब्राह्मीबद्दल लिहून ठेवतो. मधुकर सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी असिस्टंट (मशिनं पुसणे, फ्लॉप्या तपासणे), ती विद्यार्थिनी. दोन महिने झाले. रोज चार नंबरच्याच मशिनवर बसते. चार नंबरवरून माझं टेबल सरळ दिसतं. पंखाही त्याच मशिनवर आहे, पण तो योगायोग. अजून बोलणं झालेलं नाही. गरज पडलेली नाही.
तिच्या वडिलांचं मार्केट यार्डात कसलंतरी दुकान आहे. कसलं ते विचारलं नाही. आपल्याला दुकानाशी काय करायचंय?

५ मार्च, दुपारी
रूम पार्टनर कृष्णातने पुण्याहून गेमची सीडी आणली. डिटेक्टिव्ह गेम. बंगल्यात एका गोऱ्या म्हाताऱ्याचा खून, आपल्या हातात भिंग. प्रत्येक डाग, प्रत्येक सिगारेटचं थोटूक भिंगाखाली घ्यायचं. मारामारी शून्य. माझ्या नव्या आयुष्याला एकदम फिट.
गुण: नजर तयार होते. जेवताना मेसच्या भाजीत केस दिसला. एरवी दिसला नसता. मेसवाल्या धोंडुबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, केस दिसला, भाजी दिसली न्हाई व्हय रं, तीन वेळा घेतलीस ती?

७ मार्च
गेमचा दोष: दोन दिवस एकाच खोलीत अडकलो. अ‍ॅशट्रेवर चाळीस वेळा क्लिक केलं. दर वेळी तेच, इथे काही नाही. किल्ली होती गालिच्याच्या कोपऱ्यात, मुंगीच्या डोक्याएवढी. माऊस भिंतीवर आपटला. फुटला. (माऊस माणसात धरत नाही. संकल्प शाबूत.)
दुसरा दोष: साक्षीदाराला काहीही विचारा, तेच वाक्य परत म्हणतो. असा समोर उभा असता तर दोन दिल्या असत्या.

९ मार्च
गेम संपला. खुनी माळी निघाला. मी त्याआधी बायको, डॉक्टर आणि पाद्री यांना अटक केली होती, पण तिन्ही वेळा मागं जाऊन आधी सेव्ह केलेला गेम उघडला, त्यामुळे ते धरायचं नाही. नखातल्या मातीवरून माळी सापडला. शिकवण: गुन्हेगाराचे हात बघावेत.
गणपती पेठेतून खरं भिंग आणलं.

१० मार्च
ब्राह्मीला संध्याकाळी एकजण एम-एटी गाडीवरून न्यायला येतो. आज जिन्यातून डोकावून बघितलं. उंच, मिशी नाही. ती सरांना म्हणाली, दादा आला, निघते. सांगलीत कुणालाही दादा म्हणतात. भाजीवाल्यालाही. या पुराव्याला वजन दिलं नाही. शिवाय गेममध्ये जो उघड उघड सांगितला जातो तो पुरावा हमखास खोटा असतो.

११ मार्च, रात्री
सापडलं. हँडलवरचे त्याचे हात बघितले. पिवळे! नखं पिवळी, कॉलर पिवळी, कानामागंसुद्धा पिवळं. हळद लागलीय त्याला. नवरदेव आहे तो. आणि ब्राह्मी त्याच्या मागं बसून जाते.
छातीत कुणीतरी पहार घातल्यासारखं झालं. जेवलो नाही. धोंडुबाईंनी विचारलं, केस सापडला का परत?

१२ मार्च
कृष्णातला पुरावा सांगितला. तो तासगावचा. म्हणाला, आरं येड्या, यार्डातल्या निम्म्या माणसांचं हात पिवळंच असत्यात. मी म्हटलं, निम्मं यार्ड एकाच आठवड्यात लग्न करतंय का? कॅलेंडर काढून मुहूर्त दाखवले. तो लोळून हसायला लागला. म्हणाला, गड्या, तू गावाकडं पाटणला जा आन् म्हशी राख.
कानाखाली ठेवून दिली. त्यानेही दिली. खाटेचा पाय मोडला. हात उचलणे बंद यात मित्र धरलेले नाहीत, हे इथं नोंदवतो.

१३ मार्च
एम-एटी रोज यार्डाकडंच वळते. उद्या तिथं जाऊन आरोपीची तोंडी तपासणी. शांतपणे. फक्त प्रश्न. कबुली मिळाली की ब्राह्मीला पुराव्यानिशी सांगायचं की हा माणूस तुझ्या लायकीचा नाही. का नाही, ते कबुलीत येईलच.

१४ मार्च (डाव्या हाताने लिहीत आहे)
क्रमाने लिहितो.
तो पोत्यांपाशी उभा होता. मी त्याचा हात धरला आणि भिंगाखाली घेतला. तो म्हणाला, ज्योतिषी हाय काय तुमी? मी विचारलं, हे काय लागलंय. म्हणाला, हळद हाय. लगेच कबूल! मी विचारलं, कुणाच्या नावाची? तो म्हणाला, ब्राह्मीच्या नावाची, दुसऱ्या कुणाची असणार?
पहिला ठोसा नाकावर. रक्त आलं. लाल, पिवळ्यावर लय भडक दिसतं. दुसरा पोटात. तो पोत्यावर पडला, पोतं फाटलं, मी त्याच्या छातीवर बसलो आणि ओरडलो, मोड लग्न, मोड! तो खाली गुदमरत विचारत होता, कुणाचं, कुणाचं?
मग हमाल आले. किती ते मोजता आलं नाही, कारण पहिल्याच रट्ट्यात डावा डोळा मिटला. धुळा नावाच्या हमालाने मला मानेला धरून उचललं. पाय जमिनीला लागत नव्हते. त्याने विचारलं, मालक, ह्याला पोत्यात भरू का सुट्टाच ठेवू? मग आपटलं. उजव्या मनगटात काडी मोडल्यासारखा आवाज झाला. पाठीत लाथा. एकजण पोती उचलायचा आकडा घेऊन आला होता, पण धुळ्याने त्याला अडवलं. म्हणाला, पोतं न्हवं त्ये, फाटलं तर शिवता यायचं न्हाई.
उताणा पडलो तेव्हा वर बघितलं. दुकानावर पाटी होती. बारा फूट लांब, हिरव्या अक्षरांत: ब्राह्मी ट्रेडर्स, हळदीचे व्यापारी. खाली: जिनदत्त आणि चिरंजीव. हमाल पडलेल्या माणसाला विचारत होते, आर्जवशेठ, लय लागलं का?
चिरंजीव.
गेमचा मुख्य दोष: भिंगात पाटी मावत नाही.
माझी चूक नाही. सेव्ह करायची सोय नव्हती.

१६ मार्च, सकाळी ११
प्लॅस्टर घालून क्लासला गेलो. सरांना जिन्यावरून पडलो सांगितलं. आणि काय लिहू! ब्राह्मी आली, चार नंबरवर बसली नाही, सरळ माझ्या टेबलापाशी आली. डोळे लाल. म्हणाली, तुमचं पूर्ण नाव काय?
दोन महिन्यांत पहिलं वाक्य. लालासाहेब आप्पासो साळुंखे, मी म्हटलं. तिने वहीत लिहून घेतलं. स्वतःच्या हातानं. गाव विचारलं, पाटण. सांगलीत कुठं राहता विचारलं. वय विचारलं. इतकं बारकाईनं माझ्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. अविवाहित आहे, हे मी आपणहून सांगितलं. ते मात्र तिने लिहिलं नाही. मग मी आर्जवरावांच्या तब्येतीची चौकशी केली. नाकाचं हाड मोडलंय म्हणाली. मी म्हटलं, भावासारखेच आहेत मला. तिने वही मिटली आणि गेली.
राग आहे. पण रागाखाली काहीतरी आहे. नजर तयार झालीय आपली.

१७ मार्च
पोलीस स्टेशन. दोन हवालदार मेसवर आले, धोंडुबाईंनी ताटावरून उठवून दिलं. क्लासची नोकरी गेली, सरांनी निरोप पाठवला.
टेबलावर तक्रार अर्ज. अक्षर ब्राह्मीचं. ती भावाशेजारी बाकावर बसली होती, त्याच्या नाकावर पट्टी. तिने एकदाही वर बघितलं नाही. फौजदार म्हणाले, वाच. वाचलं.
आडनाव चुकलं होतं. साळुंके लिहिलं होतं. साळुंखे पाहिजे, के चा खे. दाखवलं. फौजदारांनी खोडून दुरुस्त केलं आणि खाडाखोड म्हणून बाजूला माझी सही घेतली. डाव्या हाताने केली.
मग त्यांनी विचारलं, बाकीचा मजकूर बरोबर आहे का?
परत पहिल्यापासून वाचला. नीट.
बरोबर होता.